जोडीदाराबरोबर करायचा स्वाध्याय

पुस्तकं नापास करणं हा माझा धंदा. प्रकाशनाच्या संपादकबाई त्याला 'तज्ज्ञांचं परीक्षण' म्हणतात, पण बाड पाठवताना त्यांचाही सूर 'बघा, काही खोट सापडते का' असाच असतो. प्रोग्रामिंगची पुस्तकं असतात सगळी. लेखक लिहितो, मी घरी बसून त्यातला शब्द न् शब्द खरा आहे का ते बघतो आणि अहवाल पाठवतो. बरीच पुस्तकं माझ्यामुळे छापखान्याचं तोंड न बघता परत गेली. एका लेखकाने मला 'खाटीक' नाव ठेवलंय असं कानावर आलं, तेव्हा मला बरंच वाटलं. निदान कुठेतरी आपली आठवण निघते.

माझी पद्धत साधी आहे. मी पुस्तक वाचत नाही, करतो. लेखक म्हणाला हा प्रोग्राम लिहा, की मी तो जसाच्या तसा टाइप करतो, पदरचं शहाणपण त्यात घालत नाही, आणि चालवतो. नवशिक्याच्या पदरात जे पडणार तेच माझ्याही पदरात पडलं पाहिजे. लोक म्हणतात, अहो, अख्खी नोकरी तुम्ही यातच काढलीत, पानावर नुसती नजर टाकली तरी कळत असेल तुम्हाला. कळतं की. पण कळलं म्हणून न चालवता सोडून दिलेल्या ओळीनेच माणसाला खड्ड्यात घातलेलं मी पाहिलंय, आणि त्या खड्ड्यात शहाणेच जास्त पडतात.

तर या खेपेला बाईंनी पाठवलं ते पुस्तक होतं अनेक मशीनवर वाटून चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे कसं, की काम एकच, पण ते वेगवेगळ्या ठिकाणची मशीन मिळून करतात, एकमेकांना निरोप धाडतात, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की सगळं एकाच जागी चाललंय. तुम्ही घरबसल्या तिकीट काढता त्याच्यामागे हेच असतं. यातली मेख एकच आहे. पलीकडचं मशीन गप्प झालं, तर ते मेलं, की नुसतं कामात आहे, की मधली वायर तुटली, हे अलीकडच्याला कळायला मार्ग नसतो. गप्प बसणाऱ्याचा अर्थ लावायचा कसा, एवढंच हे शास्त्र. बाकी सगळे या एका दुखण्यावरचे लेप.

आणि हे शिकवणारे बहुतेक लेखक काय करतात? सगळी उदाहरणं एकाच लॅपटॉपवर चालवतात. या खिडकीतून निरोप पाठवायचा आणि त्या खिडकीत वाचायचा. अरे, तिथे निरोप हरवणार कुठे? उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर धनगरांना धडे द्यायचे. म्हणून मी असल्या पुस्तकांसाठी घरात जुनी मशीन खोलीखोलीत मांडून ठेवली आहेत. एक स्वयंपाकघरात टेबलावर, एक झोपायच्या खोलीत, एक लेकीच्या खोलीत. वायरी दारांतून गेल्यामुळे दारं लागत नाहीत. आमची ही गेल्यापासून दारं लावायची गरजही उरली नाही. वायरीत पाय अडकून पडायलासुद्धा घरात दुसरं कुणी नाही.

लेखक कुठल्याशा कॉलेजातले मास्तर होते. पहिलंच पुस्तक. संपादकबाईंनी फोनवर सांगितलं होतं की तुम्ही हो म्हणालात तर येत्या सत्रापासून ते पोरांच्या हातात जाईल, नाही म्हणालात तर विषय संपला, तेव्हा जरा जपून. जपून म्हणजे काय ते मी विचारलं नाही. ही पोरं उद्या दवाखान्यांची न् विमानतळांची सॉफ्टवेअरं लिहिणार, हे मलाही कळतं.

पहिली सहा प्रकरणं मी चरफडत केली, कारण चूक सापडेना. मास्तर लिहितातही छान. कुठे बडेजाव नाही, आव नाही, शेजारी बसून समजावल्यासारखं. ज्याची भाषा गोड त्याची उदाहरणं दोनदा तपासावीत, हा माझाच नियम. पण खरं सांगतो, मला ती भाषा ऐकत बसायला आवडायला लागली होती. दिवसभर घरात दुसरा आवाज नसला की कुणीतरी नीट बोलतंय एवढ्यानेही माणूस पाघळतो.

सातव्या प्रकरणात गाडी अडली. तिथे एक छोटा प्रोग्राम होता. माझं मशीन दर थोड्या वेळाने पलीकडच्या मशीनला विचारणार, 'आहेस का?' त्याने उत्तर द्यायचं, 'आहे'. ते माझ्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दिसणार. पलीकडचं गेलं तर तिथे 'गेला' असं दिसलं पाहिजे. आणि खाली स्वाध्याय: 'हा स्वाध्याय एकट्याने करू नये. जोडीदाराने आठवड्याभरात केव्हाही, पूर्वसूचना न देता, आपलं मशीन बंद करावं. तुम्हाला ते कधी कळतं ते पाहा. दरम्यान एकमेकांशी बोलू नये.'

एकट्याने करू नये म्हणे. मास्तर, तुमचं बरंय, तुमच्यासमोर वर्ग भरलेला असतो. मी आधी एकट्यानेच करून बघितलं. आतल्या खोलीत जायचं, मशीन बंद करायचं, बाहेर येऊन बघायचं. पण आपणच बंद केलेलं आपल्याला अचानक कसं कळणार? स्वतःला गुदगुल्या करून हसू येतं का? अहवालात 'जोडीदाराअभावी हे प्रकरण तपासलं नाही' असं लिहायचा विचार आला. आजवर एकही पान न तपासता मी सोडलेलं नाही, आणि कारण म्हणून असलं वाक्य लिहायची मला लाज वाटली.

म्हणून समोरच्या दारातल्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. भल्या आहेत बिचाऱ्या. म्हटलं, दुपारी केव्हाही या, आत जाऊन ते मशीन बंद करा आणि मुकाट्याने निघून जा, मी इकडे बसलेलो असेन. त्या आल्या. आत गेल्या. आणि आतून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, केलं हं बंद. न सांगता करायचं असं ठरलं होतं, असं म्हटलं तर म्हणाल्या की परक्याच्या घरातलं काही बंद करून न सांगता जाणं त्यांच्याने होणार नाही. पण निदान प्रोग्राम चालतो हे दिसलं. स्क्रीनवर 'आहे' पुसलं जाऊन लगेच 'गेला' आलं होतं. मी वहीत खूण केली. चहा विचारला, पण त्यांची शिकवणी होती.

राहता राहिली लेक. तिला मी माऊ म्हणतो. दुसऱ्या गावी असते, शाळेत भूगोल शिकवते. आमचं भांडण नाही. पण तिने लग्न ठरवलं तेव्हा मी म्हणालो होतो की हा माणूस तुला एकटं पाडेल, आणि पुढे तिने जरा काही कुरकुर केली की मी म्हणायचो, मी सांगत होतो. दोनचारदा तसं म्हटल्यावर तिने कुरकुर करणं सोडलं. मला वाटलं, चला, सुरळीत झालं. मग फोनही आखूड झाले. बरी आहेस ना? बरी आहे. जावई? तेही बरे आहेत. झाला फोन. ठेवल्यावर मी बराच वेळ तो हातात घेऊन बसायचो आणि स्वतःवरच चिडायचो, की अरे गाढवा, आणखी काहीतरी विचार की.

आता विचारायला कारण मिळालं. मी फोन केला, स्वाध्याय समजावला. मला वाटलं होतं, शाळेच्या पेपरांचं ओझं पुढे करेल. तर लगेच हो म्हणाली. तिच्याकडे आमचाच जुना कॉम्प्युटर होता, तिच्या शिकण्याच्या वेळी घेतलेला. त्याच्यावर प्रोग्राम कसा उतरवायचा, कुठे काय टाइप करायचं, हे मी फोनवरून सांगत गेलो आणि ती करत गेली. कितीतरी दिवसांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. मध्येच ती एकदा हसलीसुद्धा, मी एक अक्षर तीनदा सांगितलं म्हणून. मग इकडे माझ्या स्क्रीनवर उमटलं, 'आहे'.

तिने विचारलं, बंद कसं करायचं. म्हटलं, कसंही कर, सरळ वायर उपट भिंतीतून.

"आणि बंद झालं की तुम्ही काय करणार?"

"लगेच फोन करीन. मला कळलं, हे तुला कळवायला नको?"

"नक्की कराल?"

"अगं, स्वाध्यायच आहे तो," मी म्हटलं.

तो आठवडा माझा फार चांगला गेला. खोटं कशाला बोलू? स्वयंपाकघरातलं मशीन मी समोरच्या खुर्चीपुढे वळवून ठेवलं. सकाळी दिवा लावला की आधी तिकडे बघायचो. आहे. चहा घेतला, आहे. बाजारातून भाजी आणली, पिशवी ठेवता ठेवता मान वळवली, आहे. मी बोलायलाही लागलो त्याच्याशी. आज दोडके फार जून मिळाले गं. समोरच्या बाईंचा शिष्य आज जरा बरा वाजवतोय. स्क्रीनवर 'आहे'. माणसं घरात असतात तेव्हा तरी दुसरं काय करतात? पलीकडच्या खोलीतून हूं म्हणतात. तेवढ्यावर घर चालतं.

बंद कधी करणार याची आधी उत्सुकता होती. मग उत्सुकतेची जागा धास्तीने घेतली. आज केलंन् तर? म्हणजे फोन करायचा, कळलं म्हणायचं, ती म्हणणार बरं, आणि मग पुन्हा पूर्वीसारखं. न करेल तर बरं, असं वाटायला लागलं. दोनतीनदा फोन उचलला, नुसतंच, काय चाललंय म्हणून विचारायला. पण मास्तरांनी लिहिलं होतं, दरम्यान बोलू नये. आणि तिचं बरं चाललंय हे समोर लिहिलेलंच होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून फोन खाली ठेवला.

आठवडा सरला तरी 'आहे' होतंच. मी अहवाल लिहायला बसलो. इतका गोड अहवाल मी जन्मात लिहिला नव्हता. उदाहरणं अचूक, मांडणी प्रामाणिक, सातवं प्रकरण तर प्रत्येक विद्यार्थ्याने करावंच असं, नव्हे, त्यासाठी प्रत्येकाने एक जोडीदार शोधावाच. शेवटी लिहिलं, विनाबदल छापावं. हे 'विनाबदल' वाचून संपादकबाई खुर्चीतून पडतील, असं वाटून मला हसू आलं. पाठवण्याआधी म्हटलं, आधी पोरीची कानउघाडणी करू.

तिने फोन लगेच उचलला. मी म्हटलं, काय गं आळशे, आठवड्यात एकदासुद्धा तुला वायर उपटायला फुरसत मिळाली नाही? मागे भांड्यांचा आवाज येत होता, दोघीतिघी बायका बोलत होत्या. तिच्या घरातले आवाज मला माहीत आहेत, ते हे नव्हते.

"बाबा, मी पहिल्याच दिवशी उपटली. संध्याकाळी."

मी समोर बघितलं. आहे. मी तिला म्हटलं, उगाच काहीतरी सांगू नकोस, इथे चालू आहे, आत्ता या घटकेला 'आहे' म्हणतंय.

"म्हणू दे. मी नाहीये तिथे."

मग तिने सांगितलं. रडली वगैरे नाही, हजेरी घेतल्यासारखं सांगितलं. घर सोडायचं बरेच दिवस मनात होतं. घरात दोघं असून एकमेकांशी शब्द नव्हता, जेवणाची ताटंसुद्धा वेगवेगळ्या वेळी. त्या दिवशी माझा फोन आला, प्रोग्राम सुरू झाला, आणि संध्याकाळी तिने दोन बॅगा भरल्या, जाता जाता कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली आणि शाळेतल्या एका मैत्रिणीकडे येऊन राहिली. मला आपण होऊन फोन करून, बाबा, तुमचंच खरं झालं, असं म्हणायला तिचं तोंड उघडेना. पण मशीन बंद झालं की मी फोन करणार होतो. मी आधी काहीतरी बोललो असतो, मग तिला पुढचं जमलं असतं. तेवढ्यासाठी तिने ती वायर उपटली होती. त्या संध्याकाळी मैत्रिणीच्या पलंगावर बसून ती फोनची वाट बघत राहिली. दुसऱ्या दिवशी वाटलं, बाबांकडचं नेटवर्क गेलं असेल. मग वाटलं, नाही, बाबांना कळलंय, आणि म्हणूनच फोन करत नाहीयेत.

मी काय केलं ते सांगतो. मी प्रोग्राम उघडला आणि चूक शोधली. लागला कितीसा वेळ, डोळे उघडल्यावर दिसायला. आणि फोनवर तिला ती समजावून सांगायला लागलो. म्हटलं, बघ, समोरच्या बाईंनी मशीन रीतसर बंद केलं होतं. रीतसर बंद होणारं मशीन जाताना निरोप देऊन जातं की मी चाललो, म्हणून लगेच 'गेला' दिसलं. तू वायर उपटलीस. असं जाणारा निरोप देत नाही, नुसता गप्प होतो. मास्तरांच्या प्रोग्रामला गप्प राहणाऱ्याचं काय करायचं तेच ठाऊक नाही. तो पुन्हा विचारतो, पुन्हा विचारतो, आणि नवं उत्तर येईपर्यंत जुनंच स्क्रीनवर तसंच ठेवतो. ते उत्तर कधीचं आहे हेही शेजारी लिहीत नाही. मी आठवडाभर बघत होतो ते सगळं तुझं पहिल्या दिवशीचं, एकच 'आहे'. एवढी ढोबळ चूक, आणि मी स्वतःच्या हाताने टाइप केली होती. निरोप घेऊन जाणाऱ्याचीच परीक्षा घेतली मी, आणि वहीत खूण करून मोकळा झालो. आमची ही तरी कुठे निरोप घेऊन गेली होती? मला तरी हे सुचायला हवं होतं. पुस्तक नापास, पण खरं लिहायचं तर परीक्षकही नापास लिहावं लागेल.

मी बोलतच होतो. थांबलो तर पुढे काय, हे कळत नव्हतं म्हणून बोलत होतो. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे मी गेले, ते त्याला कळलंच नाही," ती म्हणाली.

"नाही कळलं."

"आणि तुम्हाला? तुम्हाला एकदाही वाटलं नाही, फोन करून बघावा?"

वाटलं होतं. रोज वाटलं होतं. पण तिथे 'आहे' लिहिलेलं होतं, आणि ते पुरत होतं मला, हे बापाने लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्या संध्याकाळी ती परक्या पलंगावर फोन हातात धरून बसली होती, त्या संध्याकाळी मी या टेबलाशी दोडके चिरत तिला दिवसभराचं सांगत होतो. ती ऐकतेय असं समजून. सुखात होतो मी, हेच मला सहन होईना.

मी म्हटलं, वाटलं होतं गं, चुकलो.

ती म्हणाली, "तुम्ही आता ते म्हणणार नाही ना?"

काय, ते मी विचारलं नाही. "नाही म्हणणार," म्हटलं. मग मैत्रिणीचा पत्ता विचारला, बसने कुठे उतरायचं ते विचारलं. ती म्हणाली, बाबा, एवढ्या लांब कशाला, मी बरी आहे. मी म्हटलं, तू काय आहेस ते मी येऊन बघतो, आणि मी घरातून निघेपर्यंत फोन ठेवू नकोस. तिने ठेवला नाही. मी एका हाताने कपाटातून कपडे काढत होतो, आणि पलीकडून तिच्या श्वासाचा आवाज येत होता.